तुपाखाली गेलेले नाव

मी एक जुना फौजी दवाखान्याचा कागद आहे. मित्रांनो, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मी छापला गेलो आणि शिपाई दौलतसिंगाच्या खाटेला टांगला गेलो. तो पोहरादेवीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा. त्याच्या छातीत कफ भरला होता, अंग तापाने फणफणत होते. डॉक्टरने माझ्या मधोमध इंग्रजीत 'न्यूमोनिया' असे खरडले आणि खाली जाड रेघ ओढली. दौलतसिंग गेला. त्याच्या पेटीबरोबर मी तांड्यावर आलो.

तिथे मला फार मान मिळाला. मला वाचणारे मात्र कुणी नव्हते. जाड रेघेवरचे अक्षर म्हणजे दौलतसिंगाचे नाव, असे सगळे धरून चालले. दर दिवाळीला पितरांसाठी निखाऱ्यावर तूप-लापशी वाहून झाली, की त्याची बायको धुरपताबाई तेच तुपाचे बोट त्या अक्षरावर टेकवी, वर कुंकू लावी. बाई, ते नाव नव्हे, असे मी किती वेळा मनात म्हटले! शाई फुटत गेली.

सत्तावन्न साली तिच्या लेकीची, ललिताची सोयरीक जमत आली. तेवढ्यात कुणी तरी उठवले, की बाप महारोगाने मेला. मुलाचा बाप रतनसिंग म्हणाला, "फौजेचा कागद हाय ना तुमच्याजवळ? बिमारीचं नाव दाखवा, मंग हळद लावू."

धुरपताबाईचा दीर उदयसिंग मला घेऊन निघाला. जऊळक्याच्या स्टेशनमास्तरने मला उलटेसुलटे केले. "तार असती तं वाचली असती. हे डाक्तरचं काम हाय."

मेडशीच्या जानराव कंपाउंडरने मला नाकाशी धरले. "तुपाचा वास येऊन राह्यला. कागद हाय का पोळी?"

"हासू नका, जानराव. पोरीचं लगन अडून राह्यलं."

शेवटी वाशीमच्या डॉक्टरांनी भिंग लावले. "नाव इथे कोपऱ्यात आहे. ताप, खोकला लिहिलाय. रोगाचे नाव मात्र या डागाखाली गेले."

"महारोग नाही, एवढं तं लिहून द्या."

"मलाही तसे वाटत नाही. पण अंदाजावर सही कशी करू?"

उदयसिंगाने तांड्यावर येऊन हे सांगताच रतनसिंग उठला. "वाटण्यावर मी पोरगा देऊ काय?" तो गेला, सोयरीकही गेली.

धुरपताबाईने मला हातात घेऊन त्या डागावर बोट ठेवले. "म्हंजे मी त्यायची बिमारीच पुजून राह्यली होती. अन् मीच पुसली."

"वयनी, सांगणारं कोन होतं इथं?" उदयसिंग म्हणाला.

मित्रांनो, असा कागद तुमच्या घरी आला, तर शाई ताजी आहे तोवर वाचणारा माणूस शोधा. हात जोडायचे ते मग जोडा. ललिता अजून कधीकधी मला मांडीवर घेते आणि विचारते, "काय झालं होतं माह्या बापाले?" मला ठाऊक आहे. पण ते अक्षर आता माझ्यावर वाचता येत नाही.