दोन फुल्यांची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. माझ्यातून ना वारा येतो ना ऊन, कारण मी भिंतीत नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आहे. घरांचे नकाशे काढायच्या एका प्रोग्रामची मी मोठी खिडकी. माझ्या पोटात लहान खिडक्या उघडायच्या. एकीत तळमजला, दुसरीत पहिला मजला, तिसरीत गच्ची. एका घराचे सगळे मजले माझ्याकडे. परक्या घराचा मजला मी आत येऊच द्यायची नाही.

मला वापरणारे काका एका लहानशा कचेरीत नकाशे काढायचे. डावीकडे तळमजला, उजवीकडे पहिला मजला ठेवायचे, आणि जिन्यावर जिना, नळावर नळ बरोबर येतो ना, ते ताडून बघायचे. पुढे त्यांचा एक डोळा अधू झाला. तरी त्यांचं काही अडलं नाही, कारण माझ्यात काय कुठे असतं ते त्यांच्या हाताला पाठ होतं.

आता खोटं कशाला बोलू, माझी घडणच जरा विचित्र. माझ्या कोपऱ्यात बंद करायच्या दोन फुल्या होत्या, एकीखाली एक. खालची दाबली की एक मजला बंद व्हायचा, वरची दाबली की अख्खं घर. एकदा घाईत काकांनी वरची दाबली आणि दिवसभराची मेहनत पाण्यात गेली. त्यांची शाळकरी लेक शेजारीच गृहपाठ करत बसली होती. बाबांचा पडलेला चेहरा बघून ती म्हणाली, "मी मोठी झाले ना बाबा, की ही खिडकीच काढून टाकणार." काका हसले. मला मात्र ते फार लागलं.

पोरगी शब्दाची पक्की निघाली. मोठी होऊन ती त्याच प्रोग्रामच्या कंपनीत लागली. पडद्यावर काय कुठे असावं, हे ठरवायचं तिचं काम. तिने मला काढलं. आता प्रत्येक मजल्याची आपापली खिडकी, हवी तिथे न्या, आणि फुली एकच. लोकांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. नवं काम तिने सगळ्यांत आधी बाबांना दाखवलं.

"कसं झालंय?"

"झकास. माझी कटकटच गेली बघ," काका म्हणाले.

मी तेवढी त्यांच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उरले. पुढचं मला कळलं, ते काका संध्याकाळी माझ्यासमोर बसून पुटपुटायचे त्यावरून. कचेरीत दोन-तीन घरांचं काम एकदमच चालायचं, आणि आता सगळ्यांचे मजले पडद्यावर एकमेकांत मिसळायचे. एकदा काकांनी एका घराच्या तळमजल्यावर भलत्याच घराचा पहिला मजला बसवला. जिना वर चढून थेट न्हाणीघरात निघाला. "आंघोळीला जवळ पडेल हो काका," म्हणत कचेरी पोट धरून हसली. काकाही हसले. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याकडे देईन, असं साहेब म्हणाले होते.

मग काका काम घरी आणायला लागले. रोज संध्याकाळी माझ्यात नकाशा जुळवायचे आणि सकाळी कचेरीत न्यायचे. एका सुट्टीच्या दिवशी लेक न कळवता आली, आणि तिने मला उघडी बघितलं.

"बाबा, ही जुनी कशाला?"

काकांनी सगळं सांगितलं, जिन्याचंसुद्धा. तिचे डोळे भरून आले.

"मला का नाही सांगितलंत? मी तुमच्यासाठीच तर केलं होतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"एका घराचे मजले एकत्र राहतील अशी काहीतरी सोय करते मी. थोडे दिवस द्या मला."

"कर की. मागून येणाऱ्यांना उपयोग होईल," काका शांतपणे म्हणाले. "मी कालच साहेबांना सांगून आलोय, आता थांबतो म्हणून. हा शेवटचा नकाशा."

तो नकाशा त्यांनी नीट जुळवला, जतन केला. त्यांचा हात खालच्या फुलीवर गेला, क्षणभर थांबला आणि वर सरकला. या वेळी चुकून नाही. तेव्हापासून मला कुणी उघडलेलं नाही.

मित्रांनो, जुनं काढू नका, असं मी म्हणत नाही. दोन फुल्यांची खिडकी हवी कुणाला? पण काढायच्या आधी, ती वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी एक दिवस बसा. नुसतं विचारू नका. विचारलं, तर मायेची माणसं झकासच म्हणतात.