हात खाली घेण्याआधी

सोमवारी पहिलीच धून अर्ध्यावर आली आणि रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून हात वर केला.

"वाद्यं झकास. पण कुणीतरी फरशी बडवतंय."

फरशी सगळेच बडवत होते. लष्करी बँडच्या शिकाऊ पोरांना वाजवायला शिकवलं होतं ते पायांसकट; धून सुरू झाली की डावा पाय आपोआप ठोका धरायचा. बँडमास्तरांनी "पाय आवरा" म्हणून दम दिला आणि पुढच्या वेळी नेमका त्यांचाच बूट वाजला. मग सगळ्यांचे बूट दाराबाहेर गेले. आठवडाभर बाहेर बुटांची रांग सावधान उभी आणि आत कडक इस्त्रीच्या गणवेशातली माणसं मोज्यांवर.

"ढोल्या, तुझा अंगठा बाहेर येऊन पाहणी करतोय," बिगुल वाजवणारी म्हणाली; अंगाने बारीक म्हणून तिला सगळे काडी म्हणायचे.

"हवा खायला आलाय. तुझ्यासारखा उपाशी नाहीये तो," मोठा ढोल वाजवणारा म्हणाला.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड होतं. वाळूत पाणी मुरावं तसा आवाज त्यात मुरायचा. रेकॉर्डिंग सुरू झालं की लाल दिवा लागायचा, थांबलं की विझायचा. दोन धुनांच्या मधे पोरं भिंतीला टेकून पेंगायची आणि झोपेतही कुणाची तरी बोटं चालू असायची. मंगळवार कुठे संपला आणि बुधवार कुठे सुरू झाला, ते कळेनासं झालं.

ज्या लहान ठाण्यांवर वादक नसतात, तिथे हे रेकॉर्डिंग लावलं जाणार होतं. सकाळचा बिगुल, झेंड्याचा, जेवणाचा. आणि शेवटचा निरोपाचा, जवानाच्या अंत्यसंस्काराला वाजतो तो. तो काडीकडे होता.

निरोपाचं जुनं रेकॉर्डिंग तिच्या ओळखीचं होतं. तिचे बाबा लष्करात ड्रायव्हर होते. त्यांना निरोप देताना लाकडी खुर्चीवर ते रेकॉर्डिंग वाजवायचं यंत्र ठेवलं होतं. बिगुल ओठांवरून खाली येईपर्यंत सलामीचा हात खाली घ्यायचा नाही, हा नियम. इथे बिगुलच नव्हता. शेवटचा सूर मधेच अडकला, पुन्हा पुन्हा तोच तुकडा वाजत राहिला, मग गप्प झाला. संपलं की अडकलं, कुणालाच कळेना. मोठी माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती. बाबांच्या मित्रांचं बघून तिनेही हात कपाळाला लावला होता. शेवटी काकांनी तिचा कोपर धरून तो खाली केला. "झालं गं बाळा, झालं." झालं नव्हतं. सूर पुरा झाला नव्हता, हे तिला शाळकरी वयातही कळत होतं.

गुरुवारपासून ती तो सूर पुरा करत होती आणि दर वेळी तो तिच्याच हाताने मोडत होता. सूर खोलीत विरायला लागला की कवायतीच्या सवयीने हात झटक्यात कमरेशी यायचा आणि बिगुल पट्ट्याच्या बक्कलवर आपटायचा. खट्.

"पट्टा काढ," मास्तर म्हणाले. पट्टा काढला, तर बिगुल गणवेशाच्या बटणावर आपटला.

"राहू दे की ते," ढोल्या म्हणाला. "तेवढाच लोकांना इशारा. हात खाली घ्या म्हणून."

शनिवारी दुपारी खोली सोडायची होती. तोवर जमलं नाही, तर निरोपाचं जुनंच रेकॉर्डिंग पुढे चालू राहणार होतं.

शनिवारी मास्तर मोज्यांवर तिच्याजवळ आले.

"सूर संपल्यावर काय करतेस?"

"मनात मोजते, सर. मग हात खाली."

"मीच शिकवलंय ते. आज मोजू नकोस. ऐक. तुला ऐकू येतोय तोवर तो संपलेला नाही."

ते बाकीच्या पोरांना घेऊन काचेमागे गेले. लाल दिवा लागला.

तिने वाजवलं. शेवटचा सूर भिंतीकडे निघाला, कापडात शिरला आणि पलीकडे निघून गेला. ती त्याच्या मागोमाग गेली. तिथे उन्हात एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर काही नव्हतं. सूर खुर्चीवरून पुढे सरकला, काकांच्या खांद्यावरून, गवतावरून, बारीक होत होत. कुठेही अडकला नाही. तो दिसेनासा झाला तरी तिला ऐकू येत होता.

कधीतरी तिने मान न हलवता काचेकडे पाहिलं. लाल दिवा विझला होता. मास्तर सलामीत उभे होते. मागे सगळी पोरं तशीच, मोज्यांवर, हात कपाळाला. रेकॉर्डिंगवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानेही हात लावला होता, तोही डावा. बिगुल तिच्या ओठांवर होता. हात खाली कोण घेणार?

स्पीकरमधून ढोल्याचा हळू आवाज आला. "काडे, हवं ते रेकॉर्डिंग मिळालं गं. पण तू खाली घेईपर्यंत आम्ही जेवायचं कसं?"

तिने आणखी थोडं ऐकलं. आता खोलीत फक्त खोली होती.

मग तिने हात खाली घेतला. खट्. काचेमागे सगळे हात एकदम खाली आले.