पोथीला कळलेली थाप

तेंतुळिपदाच्या भागवत टुंगीत, गावाच्या पोथीघरात, एरवी संध्याकाळी पोथी ऐकायला सात-आठ म्हातारे जमायचे आणि त्यातले निम्मे पेंगायचे. त्या मंगळवारी मात्र सकाळीच तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर माणसं, समोरच्या चिंचेखाली माणसं, चिंचेवर पोरं. आत व्याघ्राजिनावर, म्हणजे वाघाचे पट्टे छापलेल्या चादरीवर, अनादिदास बाबा बसले होते. त्यांच्या मांडीवर ताडपत्राची पोथी होती.

“पाचशे वर्षांपूर्वी,” बाबा म्हणाले, “एका सिद्धपुरुषानं हिमालयात बसून भविष्य लिहिलं. कोणाचं? काशीचं? नाही! तेंतुळिपदाचं! पुण्य लागतं बाबांनो, पुण्य!”

हिमालयात बसलेल्या माणसाला ओडिशातलं दोनशे उंबऱ्यांचं गाव कसं काय सुचलं, हे कुणी विचारलं नाही. बाबांनी पान उलटलं.

“‘मोठा वारा सुटेल. विद्यामंदिराचं छप्पर उडेल आणि प्रधानांच्या तळ्यात पडेल.’ पडलं का नाही?”

“पडलं! नव्याण्णवच्या वादळात!”

“‘लोखंडी नळी जमिनीतून पाणी ओकेल आणि तिच्यावरून दोन आळ्या भांडतील.’ भांडलात का नाही?”

“अजून भांडतोय!” खालच्या आळीतल्या कुणीतरी अभिमानानं सांगितलं.

पहिल्या रांगेत आर्तत्राण मोहंती बसले होते. वय चौऱ्याहत्तर. एके काळी पंचक्रोशीच्या जन्मपत्रिका ताडपत्रावर कोरणारा हा माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बाबा त्यांना एका भगव्या डागाएवढेच दिसत होते. कान मात्र शाबूत होते, आणि त्या कानांवर पुढचं वाक्य आलं तेव्हा ते ताठ झाले.

“‘नदी बांध फोडेल. तेव्हा मोहंती कुळातला आर्तत्राण पाण्यात होडी घालील. पाच माणसं आणि एक गाय वाचवील. बांबू मोडेल, तर तो मुसळानं होडी हाकील.’ कोण हा वीर? जिवंत आहे का?”

एकच गलका उठला. मोहंतींना उचलून बाबांच्या शेजारी बसवलं, गळ्यात झेंडूचा हार पडला. चाळीस वर्षांच्या बाबांनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या मोहंतींच्या डोक्यावर हात ठेवला. “वत्सा, सिद्धांनी तुला केव्हाच पाहिलं होतं!”

“मी होते त्या होडीत,” निशामणी म्हातारी पुटपुटली. “मला तर बेहेरांचा बाइधर आठवतो.”

“आजी, तुझी आठवण मोठी का पोथी मोठी?” चार जण तिच्यावर खेकसले. दुपारी जेवणं होईपर्यंत निशामणीला होडीतल्या मोहंतींच्या मिशासुद्धा आठवू लागल्या होत्या.

आता खरी गोष्ट अशी. ब्याऐंशीच्या पुरात होडी घातली होती ती कोळीवाड्यातल्या बाइधर बेहेरानंच. त्या वेळी मोहंती याच टुंगीच्या छपरावर आडव्या वाशाला मिठी मारून बसले होते आणि हमसून हमसून रडत होते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण गळ्यात हार असला की माणसाची स्मरणशक्ती मऊ पडते. घरी जाईस्तोवर त्यांना वाटू लागलं, की रडून झाल्यावर आपण थोडी होडी चालवलीही असेल. सिद्धपुरुष उगीच कशाला लिहील?

टुंगीतलं सगळं ऐकून आलेली नात घरी वाट पाहत होती. तिचं शाळेतलं नाव सुभश्री, घरातलं टिकी. यंदा दहावीला.

“जेजे,” आजोबांना ती जेजे म्हणे, “ती पोथी माझी आहे.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“माझी म्हणजे मी लिहिलेली! गेल्या वर्षीचा इतिहासाचा प्रकल्प. तुम्हीच नाही का मला पानं हळदीच्या पाण्यात उकळायला शिकवलीत? तुमच्याच लोखंडी लेखणीनं कोरली मी. शाळेतल्या कल्याणी गुरुमा म्हणाल्या होत्या, गावाचा इतिहास लिहा, रूप तुम्हाला हवं ते द्या. बाकीच्यांनी थर्माकोलचे किल्ले केले. मी जुन्या भविष्याच्या पोथीसारखं ‘येईल, होईल, पडेल’ करून लिहिलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गेली ती परत आलीच नाही. आता कळलं कुठे गेली.”

मोहंतींनी हळूच हार काढून खुंटीला लावला. प्रकल्प त्यांना ठाऊक होता, पण नातीनं आत काय लिहिलं ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं, वाचता येतच नव्हतं. आणि मुसळ कुठून आलं ते आता लख्ख आठवलं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ओसरीवर पाण्यात भिजवलेला पखाळभात खाता खाता टिकीनं विचारलं होतं, “पुरात तुम्ही काय केलंत?” नातीसमोर रडण्याचं काय सांगायचं? म्हणून त्यांनी बाइधरची होडी घेतली, आणि उगाच फिकी वाटू नये म्हणून तिच्यात मुसळ घातलं.

“गुरुमांनी माझे आठ गुण कापले होते,” टिकी सांगत होती. “प्रत्येक गोष्टीला दोन साक्षी हवेत म्हणाल्या, आणि होडीला एकच होता. मी भांडले. म्हटलं, जेजे खोटं बोलत नाहीत.”

मोहंतींनी पाणी मागितलं.

“आणि ते काजळ डोळ्यांत घालू नका,” ती म्हणाली. बाबांचा चेला पोथीच्या पानांवरची काळी पूड तुपात खलून ‘दिव्यदृष्टी काजळ’ म्हणून वाटत होता. “अक्षरं उठावीत म्हणून मी ती चोळली होती. शाळेत शिजणाऱ्या डालमाच्या पातेल्याच्या बुडाची काजळी आहे ती!”

उशीर झाला होता. काजळ दुपारीच घातलं होतं आणि डोळे चुरचुरत होते. शुक्रवारी नेत्रशिबिराची गाडी येणार होती, यादीत मोहंतींचं नाव टिकीनंच घातलं होतं. उजवा मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी मागच्या खेपेला बजावलं होतं. आणि बाबांनी भर सभेत आज्ञा केली होती, की पोथीत ज्याचं नाव आहे त्याच्या डोळ्याला लोखंड लागता कामा नये. गाडीत बसायचं म्हणजे पोथी खोटी म्हणायची. पोथी खोटी म्हणजे होडी गेली, हार गेला. शिवाय सुरीची भीती होतीच. बाबांची आज्ञा मोहंतींना मनापासून सोयीची वाटली.

बुधवारी टिकी आणि कल्याणी गुरुमा प्रकल्पाची कच्ची वही घेऊन टुंगीत गेल्या. वहीत शब्दन् शब्द तोच होता, समासात गुरुमांच्या लाल खुणाही होत्या. बाबांनी वही पाहिली, डोळे मिटले, आणि टिकीला साष्टांग नमस्कार घातला.

“माते! पाचशे वर्षांपूर्वीचे शब्द जसेच्या तसे या बालिकेच्या हातून उतरले! सिद्धपुरुष हिच्यात संचारले होते! अजून काय पुरावा पाहिजे?”

“अहो, मी अंगणात बसून लिहिलंय, मला कुणी संचारलं नव्हतं!” टिकी ओरडली.

“ज्याच्यात संचार होतो त्याला कळत नाही,” बाबा कनवाळूपणे म्हणाले.

“बरं, मग पुढचं वाचा,” गुरुमा म्हणाल्या. “पोथी गेल्या फाल्गुनापर्यंत सगळं सांगते आणि तिथेच थांबते. टिकीनं वही फाल्गुनात दिली म्हणून. येत्या महिन्यात काय होणार ते सांगा की!”

“पुढची पानं मंत्रानं बांधली आहेत, बाई. शिक्षणाचा अहंकार सोडा.”

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. दोन बायका आपली तान्ही पोरं टिकीच्या पायावर घालायला धावल्या, तेव्हा ती रडत घरी पळाली. पोथीचं वय त्या दिवशी सहाशे झालं. पहिल्या रांगेतले मोहंती हे सगळं ऐकत होते आणि तोंडातून एक अक्षर काढत नव्हते. घरी टिकी त्यांच्याशी बोलली नाही. तिनं ताट वाढलं आणि ती निघून गेली, ते त्यांना फार लागलं.

शुक्रवारी सकाळी अंगणात पावलं वाजली.

“मोहंतीबाबू, गाडी बांधावर उभी आहे. माझाही डावा डोळा करायचाय. चला, हात धरून नेतो.”

आवाज बाइधर बेहेराचा होता.

“तू... पोथीत काय आलंय ते ऐकलंस?”

“सगळ्या गावानं ऐकलं, मीच कसा सुटेन?” बाइधर हसला. “मुसळ झकास होतं. मला नसतं सुचलं. माझा आपला बांबू, तो मोडलाही नव्हता.”

मोहंतींना मान वर करवेना. “मग बोलला का नाहीस?”

“कोळीवाड्याला कोण विचारतंय, बाबू? तुम्ही घ्या ती होडी, ठेवून घ्या. चाळीस वर्षं मला तिचा उपयोग झाला नाही. पण तिच्यापायी आंधळे होऊ नका. एवढ्यासाठी माणसानं डोळे घालवू नयेत.”

मोहंतींना छपरावरचा तो वासा आठवला, आणि खालून आलेली हाकही आठवली, “बाबू, उडी मारा, मी धरतो!” पाच जणांतले एक ते स्वतःच होते. हे तर त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

“आधी टुंगीत चल,” ते उठत म्हणाले. “टिकी, तूही ये.”

टुंगीत बाबा काजळाची डबी उघडून बसले होते. “ये वत्सा! पोथीचा जिवंत पुरावा आला!”

“बाबा, होडीचं पान पुन्हा एकदा वाचा.”

बाबांनी झोकात वाचलं. होडी, पाच माणसं, गाय, मुसळ. गर्दीनं जयजयकार केला. तो ओसरेपर्यंत मोहंती थांबले.

“हे सगळं खोटं आहे,” ते म्हणाले. “होडी या बाइधरनं चालवली. मी या टुंगीच्या छपरावर बसून रडत होतो. मला त्यानं ओढून होडीत घेतलं.”

“विनय!” बाबा घाईनं म्हणाले. “थोरांचा विनय बघा!”

“विनय नाही, थाप! मी मारलेली थाप आहे ही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात, माझ्या ओसरीवर, पखाळ खाताना. ऐकायला टिकी होती आणि एक मांजर होतं. मुसळाचा म तोवर या जगात कुणी उच्चारला नव्हता.” ते गर्दीकडे वळले. “अरे, सहाशे वर्षांपूर्वीच्या सिद्धाला माझं खरं दिसलं असतं, तर मी त्याच्या पायावर लोळण घेतली असती. पण त्याला माझी थाप कशी दिसली? पुरात जे झालं ते त्याला दिसलं नाही, आणि मी नातीला जे खोटं सांगितलं ते शब्दन् शब्द दिसलं? मग तो हिमालयात बसला होता का माझ्या ओसरीवर?”

निशामणी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “मी सांगत होते, बाइधर होता म्हणून! याला मिशा कुठे होत्या तेव्हा?”

चिंचेवरच्या पोरांना पहिलं हसू फुटलं. ते खाली उतरलं, ओट्यावर पसरलं, आणि शेवटी खालच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत सगळे हसू लागले. नळावरून भांडणाऱ्या त्या दोन आळ्या कित्येक वर्षांत एका गोष्टीला एकत्र हसल्या नव्हत्या. बाबा म्हणाले, “पोथी माणसाच्या मनातलंही वाचते!”

“मग आत्ता माझ्या मनात काय आहे ते वाचा,” टिकी म्हणाली आणि पुढे होऊन तिनं त्यांच्या मांडीवरची पोथी उचलली. “दोरीचं भोक मी कंपासपेटीतल्या कर्कटकानं पाडलंय. ते तिरकं गेलंय. जेजे, हात लावून बघा.”

मोहंतींनी अंगठा फिरवला. तिरकं होतं. अक्षरांवरून बोट नेलं, तर त्यांनीच शिकवलेला वळसा बोटाखाली आला. तोवर बाहेर चेल्यानं बाबांची जीप चालू केली होती. बाबा चादरीसकट तिच्यात चढले, काजळाची डबी मागेच राहिली.

गाडीत मोहंतींनी सगळा रस्ता बाइधरचा हात सोडला नाही. सुरीची भीती होतीच.

महिन्याभरानं उजव्या डोळ्यानं त्यांनी ती पोथी वाचली आणि टिकीला म्हणाले, “अक्षर चांगलं आहे. एक पान बदलायचंय, लेखणी दे.” नवं पान त्यांनी स्वतः कोरलं, छपरावरच्या रडण्यासकट.

“दुसरा साक्षी?” टिकीनं विचारलं.

दोघं कोळीवाड्यात गेले. बाइधर जाळं विणत होता. त्यानं पान ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “गाय नव्हती हो. दोन शेळ्या होत्या.” निशामणीला विचारलं तर ती शपथेवर सांगे, गायच होती, तिचं शेपूट माझ्या हातात होतं. टिकीनं शांतपणे वहीत लिहिलं, ‘जनावराबद्दल मतभेद आहेत.’ गुरुमांनी कापलेले आठही गुण परत दिले.

पुन्हा कुणी तुमच्या गावात पोथी घेऊन आलं, तर तिच्या वयाकडे पाहून हात जोडू नका. हे कुणी पाहिलं, कुणाला सांगितलं, आणि तेव्हा दुसरं कोण हजर होतं, एवढं विचारा. उत्तर हिमालयातून आलं, तर सिद्धपुरुषाला तिथेच राहू द्या आणि तुम्ही उठून कोळीवाड्यात जा. बाइधर बहुतेक घरीच असेल. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.