डिस्क क्रमांक एक

मास्तरला मास्तर म्हणत, ते त्यानं कुठल्या शाळेत शिकवलं म्हणून नव्हे. जुने कॉम्प्युटर पुन्हा विकण्याजोगे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो एकच धडा सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायचा, म्हणून. हार्ड डिस्क पुसण्याआधी लेबलवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून बघा, मगच बटण दाबा. एकदा का या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहिली गेली, की आत काय होतं ते कुणाच्या बापालाही सांगता येत नाही.

त्या दिवशी टेबलावर एका विमा कचेरीच्या डिस्क होत्या, आजच्या आज पुसून द्यायच्या. त्यांच्या शेजारी ताईची डिस्क होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा नवरा, भाऊजी, तीस वर्षं बस आगारात गाड्यांची घोषणा करायचे. असा खणखणीत आवाज, की पेंगणारा माणूसही पिशवी उचलून धावत सुटे. घशाच्या कॅन्सरनं तो आवाज मुळासकट नेला. ऑपरेशनच्या आधी बारा दिवस भाऊजी दार लावून घरच्या कॉम्प्युटरवर आपलं बोलणं रेकॉर्ड करत बसले होते. मुलीला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडाला आजोबा ऐकू यावेत, एवढाच हट्ट. कुणाला ऐकू दिलं नाही. दुसरी प्रत काढून ठेवणं कुणाला सुचलं नाही, आणि ज्याला सुचायला हवं होतं तो मास्तर तेव्हा दवाखान्याच्या खेपा घालत होता. आता नात दोन महिन्यांची झाली, आणि कॉम्प्युटर म्हणत होता की मला डिस्कच दिसत नाही.

मास्तरच्या मशीनलाही ती दिसेना. त्यानं डिस्क कानाला लावली. आत चकती फिरत होती, बिघडल्याची टकटक नव्हती. वायर बदलली, पडदा ढिम्म. विजेची वायर बदलली, तरी ढिम्म. शेवटी त्यानं डिस्कच्या पाठीवरची सर्किटची हिरवी पाटी स्क्रू काढून उचलली. खालच्या पितळी ठिपक्यांवर काळा मळ बसला होता. एवढंच होय, असं म्हणत त्यानं साध्या खोडरबरानं एकेक ठिपका लख्ख केला, पाटी बसवली, डिस्क मशीनच्या पहिल्याच खाचेत, ती रिकामी होती म्हणून, जोडली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

दिसली. मास्तरचा जीव भांड्यात पडला. त्यानं लगेच ताईला फोन लावला.

"ताई, दिसली गं डिस्क! जिवंत आहे."

"खरं सांगतोस?" ताईला हुंदका आवरेना. "अहो, ऐकलंत का? सापडलं! अरे, हे टाळ्या वाजवतायत बघ."

बोलता बोलता त्यानं ठरवलं, कचेरीची डिस्क पुसायला लावून जेवून घेऊ, मग निवांत भाऊजींचं सगळं उतरवून घेऊ. कचेरीची डिस्क सकाळपासून दुसऱ्या खाचेत होती, पण एकटीच असल्यानं क्रमांक एकवर. फोन कानाशी तसाच धरून त्यानं एक निवडला. नक्की पुसायचं का, असं मशीननं विचारलं. हो, म्हणाला. आकडे ताडायचे राहिले. मशीन पुन्हा चालू झालं की क्रमांक नव्यानं पडतात, आणि पहिल्या खाचेतली डिस्क एक होते, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांत जास्त कुणाला माहीत असेल तर त्यालाच.

जेवून, एका गिऱ्हाइकाकडे मशीन पोहोचवून तो परतला, तेव्हा पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं दिसत होतं. पुसल्याच्या चिठ्ठीवर लिहायला त्यानं कचेरीच्या डिस्कचे आकडे वाचले. ते पडद्यावरच्या आकड्यांशी जुळेनात. पुन्हा वाचले. मग ताईच्या डिस्कचे वाचले. ते जुळले.

हरवलेलं शोधणारा प्रोग्राम त्यानं तरीही लावला. त्याला माहीत होतं, तरीही. जिथे बघावं तिथे शून्य. दोन डिस्क, एकच कंपनी, एकच माप, आणि सोळा वर्षं याच धंद्यात काढून आपण गाढव ते गाढवच, असं तो मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे हसले. त्यांना वाटलं, मास्तर गंमत करतोय.

डिस्क दिसली आणि पुन्हा मेली, असं सांगता आलं असतं. या धंद्यात हे वाक्य रोज खपतं, गिऱ्हाईक उलट आभार मानून जातं. ताईच्या घरापर्यंत तो मनात तेच घोळवत गेला. पण आत गेला तर भाऊजी कॉम्प्युटरजवळ दोन खुर्च्या मांडून बसलेले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट घातलेला. शेजारची खुर्ची त्यांनी हातानं थोपटली, बैस म्हणून. मास्तरच्यानं खोटं बोलवेना.

"भाऊजी, डिस्क चांगली होती," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी पुसली. चुकून. काहीच उरलं नाही."

भाऊजींनी वही ओढली. पेन टेकवलं. नुसतं 'मी' लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. मग त्यांनी तोंड उघडलं. ऑपरेशननंतर ते कधी असे बोलायला गेले नव्हते. ओठ भराभर हलत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसफसत होती. शिव्या देत होते, की जाऊ दे म्हणत होते, की त्या बारा दिवसांतलंच काही पुन्हा सांगत होते, मास्तरला समजेना. तो त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात थबकली होती.

"काय म्हणतायत रे हे?"

"कळत नाही, ताई," मास्तर म्हणाला. भाऊजी बोलतच होते.