बेटावरची मागणी

राहीबाई होडीत बसली ती गहिनीनाथकडे पाठ करूनच. होडी ती केवढी, तीन माणसं बसली की काठ पाण्याला टेकायला यायचा. तिच्यात पाठ करून बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लावून अंग चोरायला लागतं. ते तिने चोरलं, पण तोंड काही फिरवलं नाही. अंगावर ठेवणीतलं अंजिरी लुगडं होतं. आपण ते नेसलो याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

"वैनी, जरा मधी सरका," लालमहंमद वल्हं मारता मारता म्हणाला. "होडी कलती."

"कलू द्या."

"मला पोहता येतंय. तुमचं बगा."

"मला न्हाई येत. सुटंन एकदाची."

मागे गहिनीनाथ खाकरला. त्याला काही बोलायचं असलं की तो आधी तीनदा खाकरायचा, आणि तिसऱ्या खाकरण्यानंतर बहुतेक वेळा काहीच बोलायचा नाही.

हा गहिनीनाथ मूळचा केडगावचा. राहुरीला विद्यापीठ नवं नवं निघालं तेव्हा तिथल्या रोपवाटिकेत कलमं बांधायला लागला. दोन बहिणी उजवता उजवता स्वतः पस्तिशीला आला आणि तसाच राहिला. लिंबाला डोळा भरायला बसला की त्याच्या बोटांकडे बघत राहावं. माणसांत बसला की त्याच्याकडे बघवत नसे. राहीबाई त्याच रोपवाटिकेत रोजाने पिशव्या भरायची. नवरा तापाने गेला त्याला सहा वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. ती आणि सासू गोजरबाई, दोघींचं एक घर, एक चूल आणि भांडायला एकमेकी.

वर्षभरात गहिनीनाथने तिला काय दिलं असेल, तर सावलीतली जागा, धार लावलेलं खुरपं, आणि एकदा पिशवीभर लिंबं. बायका हसायच्या. राहीबाई त्यांच्यावर खेकसायची आणि लिंबाचं लोणचं घालायची. काल सुटी होताना सगळ्यांच्या देखत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तीनदा खाकरला आणि चक्क बोलला, "उद्या सुट्टी हाय. उद्या जरा बोलायचं हुतं."

झालं. राहीबाईने संध्याकाळीच अंगण सारवलं. शेजारच्या खातूनकडून, म्हणजे या लालमहंमदच्याच बायकोकडून, कानाचे दोन कप मागून आणले. सकाळी गोजरबाईने न सांगता ओट्यावर घोंगडी अंथरली आणि तिच्यावर कोर्टातल्या जजासारखी बसली.

"मी काय आडवी येत न्हाई," म्हातारी म्हणाली. "पर माझ्या सुनंला न्यायची तर माझ्या दारातनं. मागल्या वाटंनं न्हाई. सांगून ठेवते."

राहीबाईला तेच तर हवं होतं. होकार तिने मनात कधीचाच दिला होता. फक्त तो मागायला माणूस दारात यायला हवा होता, दिवसाउजेडी, चार माणसांनी बघावं असा.

ऊन ओट्यावरून उतरलं तरी कोणी आलं नाही. मग आला लालमहंमद. "वैनी, गहिनीनाथ धरनावर वाट बगतोय. सायबाला बेटावरची माती पायजे म्हनं, नमुना. खुरपं घिऊन बोलीवलंय."

"दारात यायला पाय मोडले का त्याचे?" गोजरबाईने विचारलं.

राहीबाईने खुरपं उचललं ते माती खणायला नव्हे, हे लालमहंमदलाही कळलं. तो वाटेत तिच्यापासून चार पावलं लांबच चालला.

बेट कसलं, म्हसोबाची टेकडी ती. धरणाचं पाणी अडवायच्या आधी राहीबाई तिथे शेण्या वेचायला जायची. खालची रानं पाण्यात गेली, टेकडीचा माथा तेवढा वर राहिला आणि साहेब लोक त्याला बेट म्हणायला लागले. वर खडक, मुरूम, घाणेरीची झुडपं आणि लालमहंमदची शेरडं. चारा दिसला की तो ती होडीतून आणून सोडायचा आणि आठवड्याने मोजून घेऊन जायचा.

होडी लागली. गहिनीनाथने उतरायला हात पुढे केला. राहीबाईने त्या हातात खुरपं दिलं आणि स्वतः पाण्यात पाय टाकून उतरली. लुगड्याचा काठ भिजला. तेही तिने त्याच्याच खात्यावर मांडलं.

"माती कुठली पायजे?"

"वरली. या, दावतो."

लालमहंमद होडीपाशीच बसला आणि उगीचच पाण्याकडे बघू लागला. गहिनीनाथ पुढे, राहीबाई मागे. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, जिथून गाव दिसत नाही, बांध दिसत नाही, नुसतं पाणीच दिसतं, तिथे तो थांबला. आणि एकदम त्याचा चेहरा पडला.

तीन आळी होती. नीट गोल केलेली, दगडं लावलेली. दोन आळ्यांत नुसते बुडखे होते, कुरतडलेले. तिसऱ्यात नारळाचं गुडघाभर रोप कसंबसं उभं होतं. त्याच्याही एका पानाच्या चिंध्या झाल्या होत्या. शेजारी एक शेरडू बसून रवंथ करत होतं.

"पावसाळ्यात लावलेली," गहिनीनाथ म्हणाला. "दर सुट्टीला येऊन पानी घालत हुतो."

"म्हसोबाच्या टेकाडावर नारळ? डोकं फिरलंय का तुमचं? कुनासाठी, शेरडांसाठी?"

त्याने खिशातून एक घडी काढली आणि उलगडली. राहीबाईने लगेच ओळखली. रोपवाटिकेच्या शेडमध्ये खतवाल्याचं एकाहत्तर सालचं कॅलेंडर होतं, बहात्तर उजाडलं तरी कोणी उतरवलं नव्हतं. त्याचंच चित्र ते. निळंभोर पाणी, मधे बेट, वाकलेले तीन माड, आणि त्यांच्याखाली हातात हात घेतलेलं पाठमोरं गोरं जोडपं.

"सायबाला इचारलं म्या, ही जागा कुठली. सायब म्हनले लई लांब हाय, समुद्राच्या पल्याड. तिकडं गडी मानूस बाईला आसल्या बेटावर नेतो आन्..." तो खाकरला. एकदा. दोनदा. "...आन् लग्नाचं इचारतो. म्हनलं, आपल्याकडं बेट तर हाय. नारळ तेवढं न्हाईत."

याच्यावर दुसरी एखादी विरघळली असती. खरं सांगायचं तर राहीबाईनेही चित्र घ्यायला हात पुढे केला. पण नेमकं तेव्हाच गहिनीनाथने पुढचं वाक्य बोलून घेतलं.

"आन् हितं कुनी बघत बी न्हाई."

राहीबाईने त्याच्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत ती त्याला तुमी म्हणत होती.

"म्हंजे तुला कुनी बघाया नको हाय."

"तसं न्हाई..."

"तसंच हाय. कुवाऱ्या पोरीच्या दारात सुपारी घिऊन जात्यात. रांडमुंडीला गावाभाईर बोलीवत्यात. तू तर गावाभाईर बी न्हाई, पान्याभाईर आनलंस. मधी एवढं धरन घातलंस!"

"राहीबाई, आयका तरी..."

"मी धा वर्साची हुते तवा माझ्या रंगुमावशीचा पाट लागला, दुसरं लगीन. ठाव हाय कसा लागला? आमुशाच्या राती, मारुतीच्या देवळामागं. दिव्यावर टोपली घातलेली. वाजाप न्हाई, अक्षता न्हाई. तिचं तोंड दिसू नये म्हनून सवाष्नी दारं लावून आत बसल्या हुत्या. चोरानं शेरडी न्यावी तशी नेली तिला. सकाळी मी उठले तर तिची वाकळ तेवढी हुती, गुंडाळल्याली. मावशीनं काय चोरी केल्ती का रं? नवराच मेला हुता ना?"

रवंथ करणारं शेरडू उठून लांब गेलं.

"त्या दिशी ठरीवलं म्या. जन्मभर एकटी ऱ्हाईन, पर अंधारात कुनाच्या मागं जायाची न्हाई. तू उजेडातला अंधार शोधून काढलास. लई हुशार!"

"मला लाज वाटती म्हनून न्हाई आनलं," गहिनीनाथ म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. तो चढलेला राहीबाईने पहिल्यांदाच ऐकला. "चारचौघांत माझी वाचा जाती, तुमाला ठाव हाय. समदी हसत्यात. काल एवढं बोललो तर रातभर डोळा लागला न्हाई. म्हनलं, हितं तरी नीट बोलता येईल."

"मंग लगीन बी शेरडांफुडंच लावनार? माझं नाव घ्यायची येळ आली की होडीत घालून आनशील मला हितं?"

त्याने हातातल्या चित्राची घडी घातली.

"आन् तू बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या गड्यानं माझ्यासारखीशी पाट लावायचा तर आदी रुईच्या झाडासंगं लगीन लावावं लागतं, म्हाईत हाय का? ती बघ रुई, फुलं बी आल्यात. लाव तिच्याशी. ती काय बोलायची न्हाई, तुझी वाचा बी जायाची न्हाई. जोडा शोभंल!"

एवढं बोलून ती टेकडी उतरायला लागली. अर्ध्या वाटेवर तिला हुंदका आला तो तिने गिळला, आणि गिळताना ठसका लागला. मागून पावलं वाजली नाहीत. तिने वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि तीन वेळा वळून बघितलं.

होडीपाशी लालमहंमद उभा राहिला. "झालं?"

"तुमच्या शेरडांनी त्याचे नारळ खाल्ले, चाचा."

"या अल्ला." त्याने कपाळावर हात मारला. "मला वाटलं सायबाचे हायत. सरकारी हायत म्हनून बोललो न्हाई."

बऱ्याच वेळाने गहिनीनाथ आला. हाताला, गुडघ्यांना माती. छातीशी ते उरलेलं रोप, मुळ्यांच्या गड्ड्यासकट, स्वतःच्या डोईच्या मुंडाशात बांधलेलं. तो होडीत चढला. परत येताना राहीबाई तशीच पाठ करून बसली. लालमहंमदने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एकदाच म्हणाला, "झाडाचं वजन लई हाय," आणि वल्हं मारू लागला.

काठाला लागल्यावर राहीबाई तडक चालू लागली. दुपार टळायला आली होती. वस्तीच्या वाटेवर नळाला बाया होत्या, पिंपळाखाली माणसं होती, गिरणीपाशी पाट्या ठेवून रांग बसली होती. मागे दहा पावलांवर पायताण वाजत होतं. बोडक्या डोक्याचा, मातीने माखलेला गडी, कडेवर पोर घ्यावं तसं नारळाचं रोप घेऊन बाईच्या मागे चाललाय म्हटल्यावर गाव गप्प कसं बसेल?

"काय रं गहिनीनाथ," नळावरून कडूबाई ओरडली, "कुनीकडं निघाली वरात?"

तो खाकरला. राहीबाईने चाल कमी केली नाही. पण कान मागे लागले होते. दुसऱ्यांदा खाकरला. तिसऱ्यांदा. आणि काहीच बोलला नाही. बाया फिदीफिदी हसल्या.

राहीबाईने चाल वाढवली. कळलं तुझं, ती मनात म्हणाली. जा आता केडगावला.

पिंपळाखालून सहादेव पाटलाने हाक मारली. "आरं, मुंडासं कुठाय? आन् ह्ये काय घिऊन चाललास?"

"नारळ."

"त्ये दिसतंय. कुठं?"

"राहीबाईंच्या दारात." पायताण थांबलं. आवाज फाटला होता, पण मोठा होता, गिरणीपर्यंत गेला. "मागनी घालायला चाललोय. हसायचं तर हसा, आन् यायचं तर या."

कोणी हसलं नाही असं नाही. कडूबाई तर पार पदर तोंडात कोंबून हसली. राहीबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वळून बघितलं असतं तर चाललं असतं, पण आता आपल्या तोंडावर काय आहे याचा तिला भरवसा नव्हता. ती तशीच चालत घरात गेली आणि चुलीपुढे बसली.

बाहेर ओट्यावर गोजरबाई होतीच.

"कोन रं तू?" रोज बघणाऱ्या माणसाला म्हातारीने विचारलं.

"गहिनीनाथ. केडगावचा."

"काय पायजे?"

आतून राहीबाई ऐकत होती. फुंकणी हातात, पण फुंकायची राहिलेली. ओट्यासमोर माणसं जमल्याचं पायांच्या आवाजावरून कळत होतं. खाकरणं एकदाच ऐकू आलं.

"तुमची सून."

"हुंडा द्यायला न्हाई मी बसले. आन् पाट लावून राती पळवायची आसंल तर ह्यो रस्ता. लगीन कवा लावनार?"

"दुपारी," गहिनीनाथ म्हणाला. "बारा वाजता. वाजापासंगं."

म्हातारीने घोंगडीवर सरकून जागा केली. मग म्हणाली, "त्ये झाड मोरीपाशी लाव. सांडपानी मिळंल. पर कुंपन घाल, त्या लालमहंमदची शेरडं लई वंगाळ हायत."

आत राहीबाईने चहा उकळायला ठेवला. सकाळपासून झाकून ठेवलेली साखर तिने सगळी टाकली, मग वाटलं फार झाली, मग म्हणाली, असू दे. खातूनचे कप पदराने पुसले आणि एक बाहेर नेऊन त्याच्यापुढे आदळला.

"पिऊन घ्या," ती म्हणाली. "कप माघारी द्यायचेत."