बरणीत कोंडलेला बल्ब

नानासाहेबांनी पिशवी उलटी केली आणि मेलेले एलईडी बल्ब युनूसच्या काउंटरवर गडगडले.

"ह्यो बघ तुझा माल! गोठ्यात लावला की चार दिसांत गेला. दुसरा लावला, त्यो बी गेला. गावाला लुटायला बसलायस व्हय रं?"

माझी पिठाची गिरणी शेजारीच. मी पट्टा बंद केला. भांडण ऐकायचं तर नीट ऐकावं. निघोजे गावाच्या वेशीवरचे गाळे नानांचे; शेतजमीन कंपनीला गेल्यापासून तेवढेच उरले, आणि गाळ्यांतली माणसंही आपलीच, असं त्यांना वाटतं. युनूसचा बापही ह्याच गाळ्यात बसून गावाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचा.

"अमावस्येच्या आत गाळा खाली कर. लबाड मानूस मला नको," नाना म्हणाले.

युनूसचं तोंड लाल झालं. "गाळा तुमचा हाय, सोडीन. पन लबाड हे नाव घिऊन न्हाई सोडनार. तुमच्या पडवीतला बल्ब बी ह्याच पेटीतला. दोन दिवाळ्या झाल्या, जळतोय का न्हाई?"

जळत होता.

"मंग चला गोठ्यात. ज्योतीरामभाऊ, तुमी बी चला साक्षीला."

मी कधीच चप्पल घालून उभा होतो.

गोठ्यात नानांच्या मंडळी, मंजुळाबाई, म्हशीला वैरण टाकत होत्या. वर बल्ब होता, पण लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत. झाकणाला भोक पाडून वायर आत घेतलेली, भोकाला चिंधी, वरून चिकटपट्टी. मुंगीलाही वाट नव्हती.

"काकू, हे कुनी केलं?"

"म्या. कुट्टीची धूळ बसती, पाखरं येत्यात. पिवळा बल्ब असता तर झाकला नसता. पन ह्यो थंड. गेल्या साली कोंबडीच्या पिल्लांच्या डालग्यावर लावला तर पिल्लं गारठली. ज्याला ऊबच न्हाई त्याला वारा कशाला?"

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं.

युनूसनं वाद घातला नाही. एक नवा बल्ब बरणीत लावला, त्याच पेटीतला दुसरा शेजारी उघडा टांगला. दोन्ही पेटवले. "धारंच्या टायमाला बघू."

धारेच्या वेळी निम्मं गाव गोठ्यात जमलं. युनूसनं बटण बंद केलं. मंजुळाबाईंनी उघड्या बल्बची मान धरली.

"कोमट हाय."

बरणी उघडून दुसऱ्याची धरली आणि "आई गं!" करून बोटं पदरात लपवली.

"उजेड गार दिसतो, काकू. आच असती मानंत, तिथं त्याचं मशीन. वाऱ्यावर ती निघून जाती. तुमी कोंडली, म्हनून आतल्या आत भाजला."

नाना ऐकेनात. "माल चांगला असता तर टिकला असता!"

"तुमची म्हस धान्याच्या कनगीत कोंडा नाना. मेली तर म्हस बी खोटी म्हनाल?"

लोक हसले, तसे नाना आणखी भडकले. "गाळा खाली करायचा म्हंजी करायचा!"

"कशापायी?" मंजुळाबाई पुढं आल्या. "बल्ब म्या मारले."

"तू घरात जा."

बाई गेल्या, पण घरात नाही. बरणी काखेत मारून थेट वेशीवर. आम्ही सगळे मागं. युनूसच्या काउंटरवर बरणी आदळून त्या ओरडल्या, "ऐका रं! चूक माजी हाय. युनूस लबाड न्हाई. आन् ह्यो गाळा खाली झाला, तर म्या हितं ऱ्हायला येनार. म्हशीची धार नानांनी काढावी!"

नानांनी जन्मात म्हशीच्या कासेला हात लावलेला नव्हता. म्हैसही तसल्यांना लाथच घालते.

अमावस्येला युनूसनं दुकान उघडलं ते नेहमीपेक्षा लवकर. उन्हं वर आल्यावर नाना आले. "एक बल्ब दे. गोठ्यात लावायचाय, उघडा."

युनूसनं बल्ब पुढं केला, पण सोडला नाही. "लबाडाकडनं घेताय?"

नानांनी इकडंतिकडं पाहिलं. "न्हाईस तू लबाड. दे आता."

"जरा मोठ्यानं, नाना," मी गिरणीतून ओरडलो. "पट्ट्याच्या आवाजात ऐकू येईना!"

पट्टा बंदच होता.