उजवा कौल

आमच्या वस्तीवर बिरोबाचा कौल मी लावतो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर थांबायचं. बोअर घ्यायचं असो की सोयरीक जुळवायची असो, लोक माझ्याकडे येतात. गाभाऱ्यात मी एकटाच असतो, त्यामुळे बाहेर येऊन मी सांगेन तोच कौल. देवाची वेळ यावी लागते, हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की ते बोलताना मला विचारही करावा लागत नाही.

गेल्या वर्षी माझी सून सुषमा कौलाला आली. शिरूरच्या आयटीआयमधून ती इलेक्ट्रिशियन झालेली. दौंडला रेल्वेत अप्रेंटिस म्हणून तिचं नाव लागलं होतं. वर्षभर तिथेच मावशीकडे राहावं लागणार होतं. माझ्या मुलाची, सुरजची, काही हरकत नव्हती. मला मात्र गोठ्यातल्या पाच गाई दिसत होत्या. माझी बायको गेल्यापासून दोन्ही वेळच्या धारा सुषमाच काढायची. पण जाऊ नकोस म्हणायला जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, देवाला विचारू.

फुलं लावली आणि मी हात मागे घ्यायच्या आत उजवं पडलं. इतका झटकन कौल मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. फूल उचलून खिशात घातलं आणि बाहेर येऊन सांगितलं, डावा पडला. तिनं पायरीवर डोकं टेकवलं. "त्याला येळ कळती, मामा," एवढंच म्हणाली आणि संध्याकाळच्या धारेला गेली.

वर्षभर तिनं कुरकुर केली नाही. शेजारणी हळहळल्या तर त्यांनाच समजवायची, देवानं थांब म्हटलंय. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तिनं काढलेल्या दुधाचा चहा मी रोज दोनदा पीत होतो. इतका निलाजरा मी.

परवा तिचं नाव पुन्हा लागलं. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. आज सकाळीच न्हाऊन, शेवंतीची दोन फुलं घेऊन ती देवळाशी आली.

आत जाऊन मी फुलं ओली केली, पण देवाच्या खांद्यापर्यंत हात जाईना. उजवं पडलं तर मी पुन्हा खोटं बोलणार नाही, याची मलाच खात्री नव्हती. तसाच बाहेर आलो आणि फुलं तिच्या हातात दिली.

"मागल्या वर्षी उजवा पडला व्हता, सुषमा. म्या खोटं सांगितलं. गाईंसाठी."

तिनं फुलं पायरीवर ठेवली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"रोज धार काढताना मी देवाला म्हणत व्हते, तू म्हणशील तवा जाईन, तवर थांबते," ती म्हणाली. "आन् त्यो वरीसभर माझीच वाट बघत व्हता व्हय?"

दुपारी सुरज तिला दौंडला सोडायला गेला.

संध्याकाळी बादली घेऊन मी गोठ्यात बसलो. थोरल्या गाईनं पान्हा चोरला. तिला माझा हात ओळखीचा नव्हता. तेवढ्यात शेजारचा भिमाजी आला, विहिरीसाठी कौल लावायचाय म्हणाला. मी म्हटलं, दुसरा कुणी बघ. त्यानं कारण विचारलं आणि मी सगळं सांगितलं. तो आल्या पावली माघारी गेला. उद्यापर्यंत ते वस्तीभर झालेलं असेल.